शेंदराचा दगड आणि साडेसात फुटांचं गॅरेज

गॅरेज खरं की खोटं, हे मी रस्त्यावरूनच ओळखायचो. दाराशी पायरी दिसली की समजायचं, ही खोली आहे. उतार दिसला की गॅरेज. मोटारीला पायरी चढता येत नाही, माणसाला येते. दुसरी खूण मोरीची. आत मोरी असली की तिथे माणूस राहणार, मग नकाशात काहीही लिहिलेलं असो. या दोन खुणांवर मी नाशकात बांधकाम तपासनिसाची आख्खी नोकरी काढली आणि फारसा फसलो नाही. जिथे फसलो तिथे मात्र असा फसलो की ती गोष्ट आजवर लिहायला धीर झाला नव्हता. आता ज्यांच्यासमोर लाज वाटायची ते साहेब लोकही राहिले नाहीत आणि माझंही वय बढतीचं राहिलेलं नाही. तेव्हा सांगून टाकतो.

आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. मी नगरपालिकेत ओव्हरसियर. ज्याला घर बांधायचं त्याने नकाशा काढून ऑफिसात द्यायचा. आम्ही जागा बघून परवानगी द्यायची. मग तो पाया खणणार, भरणार आणि जोत्यापर्यंत येऊन थांबणार. जोतं म्हणजे भिंती सुरू होण्याआधीची ती ओट्यासारखी दगडी बैठक. तिथे काम थांबवून आमची वाट बघायची. आम्ही जाऊन टेप लावणार, नकाशाप्रमाणे सगळं जागेवर आहे का बघणार आणि सही करणार. त्या सहीशिवाय वर वीट चढवायची नाही. शेवटी घर पूर्ण झालं की आणखी एक फेरी आणि राहायला जाण्याचा दाखला. या तीन फेऱ्यांत मालकाचं वजन उतरायचं आणि माझा भाव चढायचा. लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाला नसेल एवढा मान मला जोत्यावर मिळायचा. खुर्ची, छत्री, थंड पाणी. तो मान डोक्यात जातो, हे मला फार उशिरा कळलं.

गॅरेजला एक सवलत होती. घराच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, हवा-उजेडासाठी आणि उद्या आग लागली तर बंब आत यावा म्हणून. पण त्या मोकळ्या जागेत बाजूला बुटकं गॅरेज बांधायला परवानगी होती, फक्त हद्दीपासून तीन फूट सोडायचे. झालं! सवलत आहे म्हटल्यावर लोकांच्या कल्पनाशक्तीला धुमारे फुटले. सत्तरच्या त्या दशकात गंगापूर रोडच्या बाजूला मळे मोडून नवे प्लॉट पडत होते. गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. फियाट बुक केली तर नंबर लागेपर्यंत पोरं कॉलेजात जायची. तरी गॅरेजचे नकाशे मात्र ढिगाने यायचे.

एका शिक्षिकाबाईंच्या गॅरेजची शेवटची तपासणी करायला गेलो तर आत सतरंजी, फळा आणि पंचवीस मुलं. बीजगणित चाललेलं. बाई जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, गाडी बुक केली आहे, येईपर्यंत जागा रिकामी कशाला ठेवायची. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने मला विचारलं, गाडी तुम्हीच आणली का? मी उतार पाहिला, मोरी शोधली, मिळाली नाही. वहीत लिहिलं, ‘उतार आहे. मोरी नाही.’ आणि सही करून आलो. ती गाडी काही त्यांना शेवटपर्यंत आली नाही. पण त्या गॅरेजातून कितीतरी इंजिनियर बाहेर पडले, त्यातला एक पुढे माझाच साहेब झाला.

दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराने मुलांच्या शाळेसाठी बंगला बांधला. त्याच्या नकाशात गॅरेजचं दार बारा फूट उंच. मी म्हटलं, एवढं कशाला? तर ट्रॅक्टरसाठी. ट्रॅक्टर शहरात काय करणार म्हटलं, तर मालक दुखावले. म्हणाले, पोरं इथं राहणार, मी इथं राहणार, मग त्यानं एकट्यानं मळ्यात काय करायचं? हे उत्तर कुठल्या नियमात बसवावं ते मला आजही सुचलेलं नाही. उंची मात्र मी कापली.

असे किस्से शंभर आहेत. पण मला सांगायचंय ते पगाऱ्यांच्या गॅरेजबद्दल.

त्याआधी काशिनाथ. काशिनाथ हा माझा टेप धरणारा शिपाई. पेठकडच्या डोंगरातला, अंगाने काटक, बोलायला महाकंजूस. कातडी डबीतली शंभर फुटी टेप असायची. तिचं शून्याचं टोक त्याच्या हातात, आकडा वाचायचा मी. त्याने शून्य जिथे ठेवलं तिथून जग सुरू व्हायचं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलं नाही, की बाबा तू शून्य कुठे ठेवलंस आणि का.

पगारे पहिल्यांदा ऑफिसात आले ते स्वतः नकाशा घेऊन. पांढरा शर्ट, इस्त्रीची खाकी पँट, खिशाला पेन. गावातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे तीस वर्षं ड्रायव्हर. मूळ निफाडकडचे, बौद्ध कुटुंब. चार ओळखीच्या माणसांबरोबर गंगापूर रोडच्या एका नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलेलं. आता गॅरेज हवं होतं. मी विचारलं, गाडी कुठली? तर म्हणाले, अजून नाही. आला आणखी एक, असं म्हणून मी मनात हसलो. विचारलं, क्लास काढणार की भाडेकरू ठेवणार? ते हसले नाहीत. डॉक्टरांनी शब्द दिलेला, दवाखाना बंद केला की जुनी फियाट तुला. तेवढ्यावर हा माणूस गॅरेज बांधायला निघाला होता.

मग म्हणाले, “साहेब, तीस वर्षं मी डॉक्टरीणबाईंना पोर्चमध्ये उतरवतो. ऊन असो, पाऊस असो, त्यांचं पाऊल कधी रस्त्याच्या मातीला लागलं नाही. आमच्या मंडळींचे गुडघे गेलेत. एकदा तिला आपल्या घरात, असं आत, सावलीत उतरवायचंय.”

पगाऱ्यांच्या मंडळी म्हणजे शेवंताबाई. आयुष्य द्राक्षांच्या बागांत मजुरी करण्यात गेलेलं, उभ्याने छाटणी आणि डोक्यावर पाट्या. दोन्ही गुडघे कुरकुरत होते. मला ते बोलणं आवडलं. नकाशा चोख होता. घराची भिंत ते हद्द तेरा फूट. तीन सोडायचे, उरले दहा. घराच्या भिंतीला लागून दहा फुटी गॅरेज. मी फाईल चार दिवसांत हलवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जोत्याच्या तपासणीला गेलो तेव्हा भर दुपार, आणि त्या दिवसातली ती माझी चौथी जागा. पगारे रजा काढून उभे. जोतं काळ्या घडीव दगडाचं, बघत राहावं असं. आता हद्द कुठली ते ठरवायचं. पुढच्या कोपऱ्यातला दगड रस्त्याच्या मुरमाखाली गाडला गेलेला. मागच्या बाजूला दोन दगड होते. एक पगाऱ्यांच्या बाजूला, कुंपणाच्या झुडपात, उभा रोवलेला, चौकोनी. दुसरा त्याच्या पलीकडे अडीच फुटांवर, आणि त्याला शेंदूर फासलेला. पुढे नारळाच्या करवंट्या, वाळलेली झेंडूची फुलं.

शेंदूर कसा आला तेही सांगतो. शेजारच्या प्लॉटवर सानपांचं घर उठलं तेव्हा मिस्तरी लोकांनी रिवाजाप्रमाणे जवळचा एक दगड बघून त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला, मग पायाला कुदळ मारली. काम संपलं, मिस्तरी गेले, पण सानप काकूंनी दिवा लावायचा चालू ठेवला. घराचं काम निर्विघ्न झालं होतं ना! दोन वर्षांत तो दगड म्हसोबा होऊन बसला.

काशिनाथ टेपचं टोक घेऊन तिकडे गेला आणि थबकला. चपला काढल्या. म्हणाला, देव हाय, टेप नाय ठेवणार. मीही अशाच घरातला, रस्त्याने जाताना शेंदूर दिसला की हात आपोआप छातीशी जायचा. म्हटलं बरोबर आहे, देवाला कसली टेप लावायची. हद्दीचा दगड तो झुडपातला असणार, ठेव तिकडे. काशिनाथने ठेवली. मी आकडा वाचला. सहा इंच!

माझा पारा चढला. तीन फूट सोडायचे तिथे सहा इंच! नकाशात एक आणि जागेवर भलतंच. मी भर उन्हात पगाऱ्यांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, हद्द तो शेंदराचा दगड आहे, झुडपातला नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“तुमचं काय जातंय पगारे. तुम्ही मानत नाही.”

पगाऱ्यांचा मिस्तरी जमिनीकडे बघायला लागला. पगारे म्हणाले, “मानायचा प्रश्न नाही साहेब. तो दगड माझ्यासमोर पुरलाय.”

मी काय करायला हवं होतं? रस्त्याच्या मुरमात फावड्याने चार घाव घालून पुढचा दगड उघडा करायचा, किंवा सायकलवर टांग मारून ऑफिसातला प्लॉटांचा मूळ नकाशा आणायचा. अर्ध्या तासाचं काम. पण मला ऊन लागत होतं, आणि खरं सांगायचं तर एका ड्रायव्हरने मला हद्द शिकवावी हे झोंबलं होतं. मी लाल शाईने लिहिलं, ‘जोते हद्दीपासून सहा इंचांवर. अमान्य. काढून पुन्हा बांधावे.’

त्यांनी काढलं. ते घडीव दगड एक एक करून उपसले आणि अडीच फूट आत नवं जोतं घातलं. घराच्या बाजूला सरकायला जागाच नव्हती, त्यामुळे दहाचे साडेसात फूट झाले. आठवड्याने मी परत गेलो, मोजलं, बरोबर तीन फूट. सही केली. पगाऱ्यांनी एवढंच विचारलं, आता पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं.

पुढे डॉक्टरांनी शब्द पाळला. फियाट आली. गॅरेजच्या शेवटच्या तपासणीला मी गेलो तर रस्त्यावर कॉलनीतली पाच-सात माणसं उभी. म्हटलं काय झालं? तर पगारे गाडी आत घेणार आहेत, ते बघायला.

बाहेरून साडेसात, आतून पावणेसात फूट. पगाऱ्यांनी गाडी रस्त्यावर थांबवली. उतरून मागचं दार उघडलं, शेवंताबाईंचा हात धरला. त्या काठी टेकत, खडी चुकवत, उन्हातून घराकडे गेल्या. मग पगारे पुन्हा आत बसले आणि एका दमात गाडी गॅरेजात घातली. डावीकडे घराच्या भिंतीपासून चार बोटं, उजवीकडे त्यांचं स्वतःचं दार जेमतेम अर्धं उघडावं एवढी फट. त्या फटीतून ते पोट आत घेऊन आडवे बाहेर आले. रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. असली कारागिरी मी परत पाहिली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वहीत लिहिलं, ‘उतार आहे. मोरी नाही.’

आणि मग हा किस्सा मी सांगत सुटलो. ऑफिसात चहाला, लग्नाच्या पंगतीत, व्याह्यांच्या घरी. “तीस वर्षं गाडी चालवली, पण प्लॉट किती फुटांचा ते ठाऊक नाही! नुसतं गाडीचं दार उघडायला जागा नाही, बायको बिचारी रस्त्यावर उतरते!” हमखास हशा. माझ्या ठेवणीतला किस्सा होता तो.

पाच-सहा वर्षं गेली. नगरपालिका जाऊन महापालिका आली, पाट्या बदलल्या, वाढीव जागा निघाल्या. बढतीच्या यादीत माझं नाव वर होतं. अशात सानपांना कुंपणाची भिंत बांधायची होती. त्यांनी सरकारी मोजणी आणली. भिंतीच्या परवानगीसाठी मी आणि काशिनाथही हजर. मोजणीवाला माणूस वयस्कर, कपाळाला गंध, कामाला चोख. त्याने रस्त्याचा मुरूम उकरून पुढचा दगड काढला, तिथून साखळी धरली आणि सरळ म्हसोबापाशी येऊन थांबला.

सानप काकू पुढे झाल्या, देवाला हात लावू नका म्हणाल्या. त्याने वाद घातला नाही. पिशवीतून नारळ काढला, फोडला, हात जोडले. मग नाण्याच्या कडेने दगडाच्या डोक्यावरचा शेंदूर हळूहळू खरवडला. खाली छिन्नीने कोरलेली फुली.

“ही हद्द,” तो म्हणाला.

मी म्हटलं, शक्य नाही, हद्दीचा दगड तो तिकडे झुडपात आहे. त्याने जाऊन त्याच्या बुडाशी माती उकरली. आत गंजलेली लोखंडी कडी निघाली. मळा होता तेव्हाचा बैल बांधायचा दगड.

मी तिथल्या विटांच्या ढिगावर बसलो. शेजारी काशिनाथ उभा. तो म्हणाला, “आमच्याकडं देव शिवंवरच असतो, साहेब. देव हाय म्हंजी शीव तिथंच.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तुमी इचारलं नाय.”

खरंच नव्हतं विचारलं. देव आहे म्हणून मी ज्या दगडावर टेप ठेवू दिली नाही, तो देव हद्दीवर आहे म्हणूनच देव होता, हे माझ्या शिपायाला ठाऊक होतं. हद्द तीच आहे हे पगाऱ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्याच्या सहीला किंमत होती त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं.

मी मान वर केली. पगारे त्यांच्या गॅरेजच्या दारात पिवळ्या फडक्याने गाडी पुसत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते पुसत राहिले.

त्या दिवशी मला त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. आठवायचं ते त्या जोत्याचं उपसणं, शेवंताबाईंची काठी, आणि सगळ्यात जास्त तो पंगतीतला हशा. शेवटी मी स्वतः बसून सुधारित नकाशा काढला, गॅरेज पुन्हा दहा फूट. छापून घेतला, सोबत अर्ज लिहिला. फक्त पगाऱ्यांची सही हवी होती. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. मनात अगदी दानशूर कर्ण झालो होतो.

शेवंताबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, चहा ठेवला. पगाऱ्यांनी चष्मा लावला, अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाचं टोपण परत लावलं.

“साहेब, यात लिहिलंय, ‘मालकाच्या सोयीसाठी’. सोय कुणाची?”

मी म्हटलं, तुमचीच की. गॅरेज रुंद होईल, वहिनी आत उतरतील.

“माझी सोय दहा फुटांचीच होती. ती तुम्ही काढायला लावली. ते यात कुठं आहे?”

मी खूप बोललो. फाईल कशी चालते, चूक लिहिली तर चौकशी लागते, वेळ जातो, काम अडतं, सोय लिहिलं की पंधरा दिवसांत मोकळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शब्द तेवढे उच्चारले नाहीत. बढतीच्या यादीचंही बोललो नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज जराही न चढवता म्हणाले,

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुम्ही मानत नाही. मी दगड फोडायला सांगत नव्हतो साहेब. मोजायला सांगत होतो. तुमच्या ऑफिसात माझ्या गॅरेजची गोष्ट सांगतात, ती माझ्या कानावर आहे. डॉक्टरांच्या जुन्या कंपाउंडरने हसत हसत मलाच सांगितली. मला गॅरेज मोठं नाही झालं तरी चालेल. पण सोय म्हणू नका. चूक म्हणा.”

स्वयंपाकघराच्या दारातून शेवंताबाई म्हणाल्या, “जाऊ द्या की आता. साहेब घरी आलेत. मला रस्त्यावर उतरायची सवय झाली.”

पगाऱ्यांचं बोलणं मी कसंबसं सहन केलं होतं. या बाईंच्या समजूतदारपणाने मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. मी तो अर्ज फाडला. त्यांच्याच घरातला कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून लिहिलं, ‘जोते तपासणीच्या वेळी मी चुकीच्या दगडापासून माप घेतले. मालकाने योग्य हद्द दाखवली होती. मी ऐकले नाही. मालकाचे मूळ जोते बरोबर होते.’ खाली सही केली. पगाऱ्यांनी तो कागद वाचला, मान हलवली, आणि मग सुधारित नकाशावर आपली सही केली. चहा निवला होता, तो तसाच प्यालो.

व्हायचं ते झालं. खुलासा मागवला गेला, गोपनीय अहवालात शेरा बसला, आणि बढतीत माझ्या मागचे दोघे पुढे गेले. त्यातला एक म्हणजे त्या शिक्षिकाबाईंच्या गॅरेजात बीजगणित शिकलेला. आमच्या घरात मला वाटलं आकांडतांडव होईल. पण बायको एवढंच म्हणाली, आयुष्यभर लोकांच्या चुका लाल शाईने लिहिल्यात, एक आपली लिहिली तर काय बिघडलं? सुधारित परवानगीलाही चांगले सहा महिने लागले. नियमाने लागतात तेवढेच.

भिंत पाडून नवा पाया खणायला घेतला, तर मिस्तरीला जमिनीत जुनं काँक्रीट लागलं. पगाऱ्यांच्या पहिल्या जोत्याचा तळ. वरचे दगड त्यांनी उपसले होते, तळ तसाच राहिला होता. त्याच्या कडेला दोरी धरली तर नकाशातल्या रेषेशी तंतोतंत. नवं जोतं त्याच्यावरच उभं राहिलं.

तपासणीला मी गेलो. सानप काकूही दारात येऊन उभ्या. आता त्यांनी दगडाला वरून शेंदूर लावायचं सोडलं होतं, फुली उघडी ठेवून खालीच लावायच्या. काशिनाथने चपला काढल्या, हात जोडले, त्याच्या बोलीत देवाला काहीतरी सांगितलं, पण टेप ठेवायला तो तयार नव्हताच. शून्याचं टोक त्याने माझ्याकडे दिलं. मी ते पगाऱ्यांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी सानप काकूंकडे पाहिलं, मग चपला काढून बाजूला ठेवल्या. वाकले, टेपची कडी फुलीच्या मधोमध ठेवली, अंगठ्याने दाबली.

“वाचा, साहेब.”

मी टेप ताणली, जोत्याशी उकिडवा बसलो. तीन फूट. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

भिंती चढल्या, पत्रे पडले, उताराला नवा कोबा झाला. शेवटच्या तपासणीचा दिवस पगाऱ्यांनीच ठरवून कळवला. चैत्राचं ऊन होतं. मी आणि काशिनाथ आधीच येऊन सावलीला उभे होतो. फियाट कोपऱ्यावरून वळली. मागच्या सीटवर शेवंताबाई, डाव्या बाजूला, डॉक्टरीणबाई बसायच्या त्याच जागी. नवं लुगडं, केसांत मोगरा. गाडी रस्त्यावर थांबली नाही. उतार चढून सरळ आत गेली आणि इंजिन बंद झालं.

पगाऱ्यांचं दार पूर्ण उघडलं. ते उतरले, सवयीने टोपी सारखी केली आणि गाडीच्या मागून वळसा घालून पलीकडचं दार उघडायला निघाले. तीस वर्षांची ती चाल होती. ते पोचायच्या आधीच दार आतून उघडलं. शेवंताबाईंनी आधी काठी बाहेर काढली, मग एक पाय कोब्यावर ठेवला, मग दुसरा. दाराला धरून उभ्या राहिल्या. पगारे हात पुढे करून तसेच थांबलेले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग वर पत्र्याकडे, मग भिंतीवर तळवा टेकवला.

“आत गार आहे की हो,” त्या म्हणाल्या.

पगाऱ्यांनी तोंड वळवून खिशातलं ते पिवळं फडकं काढलं आणि गाडीचा टप पुसायला लागले. टपावर धूळ नव्हती.

मी वही उघडली. ‘उतार आहे. मोरी नाही,’ एवढं लिहून पेन थांबलं. आमच्या वहीत पुढचं लिहायला रकाना नव्हता, तरी शेऱ्याच्या जागेत लिहिलं, ‘गाडीची दोन्ही बाजूंची दारे पूर्ण उघडतात. स्वतः पाहिले.’ आणि सही केली.